डॉक्टरांचं बिऱ्हाड

डॉक्टरांच्या घरात एकाही भिंतीला खिळा नव्हता. जेद्दाच्या अल अझीझियात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते आणि काकू पंचवीस-तीस वर्षं राहिले, पण भिंतीवर ना कॅलेंडर, ना तसबीर. घड्याळ टेबलावर उताणं पडलेलं असे. वेळ बघायची तर वाकून बघायची. काकूंचे देव स्टीलच्या डब्यात होते. सकाळी झाकण उघडून त्या त्यांना बाहेर काढत आणि पूजा आटोपली की परत आत ठेवत. खिडक्यांना पडद्यांऐवजी वर्तमानपत्राचे कागद डकवलेले होते. टीव्हीच्या मागे टीव्हीचं खोकं आणि फ्रिजच्या मागे फ्रिजचं, अशी सगळी खोकी घडी घालून जपलेली होती.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "इकामा म्हणजे काय गं?"

"राहण्याचा परवाना," मी म्हटलं.

"मुक्काम. आपला मुक्काम आणि यांचा इकामा एकाच घराण्यातले शब्द आहेत. मुक्कामाला आलेला माणूस पडदे लावतो का?"

काकू आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं असावं की त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

मी दापोलीकडची, खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातली. लग्न झाल्यावर नवऱ्यामागोमाग जेद्दाला आले आणि अझीझियातल्याच एका खाजगी पॉलिक्लिनिकच्या लॅबमध्ये लागले. डॉक्टर तिथे दातांचे डॉक्टर होते, आमच्यात सगळ्यांत जुने. ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी "लॅब". रिसेप्शनवरचा मलबारी "दार". औषधं देणारी फिलिपिनो बाई "गोळी". मॅनेजर "शिक्का". पुढे त्यांच्या हाताखाली एक तरुण सौदी डॉक्टरीण शिकायला आली, तिला दातांच्या खोलीतली दुसरी खुर्ची मिळाली, म्हणून तिचं नाव "दुसरी खुर्ची". मी एकदा विचारलं की नावं का घेत नाही. म्हणाले, "नाव घेतलं की माणूस लक्षात राहतो. इथे आज असलेला उद्या एक्झिटवर कायमचा परत जातो. खातं मात्र राहतं."

माणूस प्रेमळ वगैरे अजिबात नव्हता. एका नर्सनं चुकीची सुई पुढे केली म्हणून पेशंटसमोर तिला इतकं बोलले की ती अर्धा दिवस स्टोअरमध्ये रडत बसली. एका बड्या व्यापाऱ्याला पुढचा दात सोन्याचा हवा होता. डॉक्टर आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत त्याला म्हणाले, "दात चावायला असतो. दाखवायचं असेल तर घड्याळ घे." तो तक्रार करायला शिक्क्याकडे गेला. पण बांधकामावरचे मजूर रांगेत असले की त्यांना ते आधी घेत, आणि त्यांचा हात इतका हलका होता की दात निघाल्याचं कळत नसे. त्यांच्या स्वतःच्या वरच्या ओळीत मात्र एक दात कायमचा गेलेला होता. तो त्यांनी कधी बसवला नाही.

कुणाच्या घरात ते पाऊल टाकत नसत. ईदला आम्ही बोलावलं तर काकू आत येऊन बसल्या आणि डॉक्टर जिन्याच्या चौकात उभे राहिले. मी ताट बाहेर नेऊन दिलं. त्यांनी ते उभ्यानं खाल्लं, सांदणं परत मागून घेतली, हात रुमालाला पुसले आणि "चांगलं होतं" म्हणून खाली उतरले. माझ्या नवऱ्याला ते फार लागलं. त्याला वाटलं, मुसलमानाच्या घरात यायचं नसेल. काकूंनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगितलं, "अरे, माझ्या सख्ख्या बहिणीच्या दारातसुद्धा ते असेच उभे राहतात."

काकू मिरजेच्या. लग्नाआधी शाळेत शास्त्र शिकवायच्या. त्यांनी बाल्कनीत कढीपत्ता लावायचं ठरवलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, माती जड असते, नेता येत नाही. म्हणून ते झाड आमच्या बाल्कनीत होतं आणि काकू एक दिवसाआड पाणी घालायला येत. पाणी घालून झालं तरी त्या बराच वेळ तिथे उभ्या राहत. मूलबाळ नव्हतं. मिरजेत घर घ्यावं असं त्या दर दोन-चार वर्षांनी म्हणत आणि दर वेळी ते राहून जाई.

थंडीचे दिवस आले की डॉक्टर क्लिनिकमध्ये सांगत, "मी गावाला चाललो." सगळ्यांना वाटे सातारा किंवा मिरज. ते गाव होतं स्पेनमध्ये, समुद्रकिनाऱ्यावर. खूप वर्षांपूर्वी दातांच्या एका परिषदेसाठी ते तिकडे गेले होते आणि फिरता फिरता त्या गावी पोचले होते. किनाऱ्यालगत एक मोकळं मैदान आणि त्यात रांगेनं उभ्या असलेल्या मोटरहोम. नॉर्वे, हॉलंड, इंग्लंडकडचे म्हातारे-म्हाताऱ्या घरचा बर्फ चुकवायला हिवाळाभर तिथे येऊन राहत. डॉक्टर परिषद सोडून दोन दिवस त्या मैदानातच बसून होते. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते काकूंना घेऊन जायचे, मोटरहोम भाड्यानं घ्यायचे आणि रजा संपेपर्यंत त्या रांगेत राहायचे. त्या गाडीला ते विंचू म्हणत. बिऱ्हाड पाठीवर, म्हणून विंचू.

एका वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला. आयुष्यभर लोकांच्या तोंडात वाकून काम केल्याचा तो परिणाम. ते लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

"लॅब, तुझ्या नवऱ्याला मोठी गाडी येते?"

"येते. गोदामाची व्हॅन चालवतो."

"मग सुट्टी काढा दोघं. विमानाचं तुमचं, विंचवाचं माझं."

आमच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि मी मक्केचा उमरा सोडून कुठे गेले नव्हते. आम्ही गेलो.

मी स्पेन म्हणून जे मनात धरलं होतं त्यातलं तिथे काही नव्हतं. उन्हाळ्यात गजबजणारं ते गाव हिवाळ्यात बंद केलेल्या दुकानासारखं होतं. समुद्राला लागून उंच इमारती होत्या आणि त्यांच्या शेकडो खिडक्यांची शटरं खाली ओढलेली. आईस्क्रीमच्या टपऱ्यांना साखळ्या घातलेल्या. रस्त्याकडेच्या संत्र्याच्या झाडांना फळं लगडलेली होती. मी एक तोडून चाखलं तर कडू जहर निघालं. तिथली माणसं ती खात नाहीत. ऊन होतं, पण वारा अंगातून आरपार जाई. गाडीत काकूंनी पिठलं केलं की काचांवर आतून पाणी धरे आणि सकाळी ते आमच्या अंथरुणावर ठिबके. एका सकाळी उठलो तर सगळ्या गाड्यांवर तांबड्या चिखलाचे थेंब होते. रात्रीच्या पावसातून आफ्रिकेच्या वाळवंटातली माती आली होती. डॉक्टर बोटानं ती चाचपत म्हणाले, "बघ लॅब, वाळू मागोमाग आली."

ते तिथे निराळेच होते. गाडीच्या संडासाची टाकी रोज सकाळी नेऊन रिकामी करावी लागते. ते काम त्यांनी कधी माझ्या नवऱ्याला करू दिलं नाही. इस्त्रीचा शर्ट, टाय बांधून, ती टाकी चाकांवर ओढत ते मैदान ओलांडून जात आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला नमस्कार करत. मी हसले तर म्हणाले, "आपली घाण आपण उचलून नेतो. याहून स्वच्छ बिऱ्हाड कुठलं?"

आमच्या डाव्या हाताला एक नॉर्वेजियन जोडपं होतं. नवरा पूर्वी बोटीवर इंजिनियर होता. वय ऐंशीच्या घरात, मोठे मोठे कान, आणि थंडीतही अर्धी चड्डी. दर हिवाळ्यात त्यांची डॉक्टरांशी भेट व्हायची. दोघे खुर्च्या टाकून समुद्राकडे बघत बसत, बोलत फार थोडं. पोलीस गस्तीला आला की खुर्च्या आत. गाडी उभी करायला मनाई नव्हती, खुर्ची मांडायला होती. खुर्ची बाहेर आली की त्याला मुक्काम म्हणत. डॉक्टरांना तो नियम फार आवडायचा.

"बघ," ते मला म्हणाले, "यांना कुणी ऊठ म्हटलं तर यांनी किल्ली फिरवायची. संपलं. रडणं नाही, भांडणं नाही."

त्याच संध्याकाळी, बटाटे सोलता सोलता, त्यांनी त्यांच्या वडिलांची गोष्ट सांगितली. काकूंनाही ती सगळी ठाऊक नसावी, कारण त्या स्वयंपाक थांबवून ऐकत होत्या. डॉक्टरांचं गाव धरणात गेलं होतं. पाणी चढायच्या आधी वडिलांनी घराची सागवानी चौकट उपटून बैलगाडीत घातली आणि नव्या वसाहतीत आणली. तिथे मिळाली पत्र्याची शेड. चौकट शेडपेक्षा उंच. ती कशालाच बसेना. वडील म्हणत, घर बांधू तेव्हा लावू. ती बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. पावसाळ्यात वडील तिच्यावर पोतं टाकत. "त्या चौकटीतून कोणी आत आलं नाही की बाहेर गेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "बाप तिच्याकडे तोंड करून बसायचा. बसूनच मेला. मी तेव्हा कॉलेजात होतो. मी ठरवलं, जे उपटावं लागेल असं काही बांधायचंच नाही."

डॉक्टरांनी सालं गोळा केली आणि बाहेर जाऊन कचऱ्यात टाकून आले.

चार-पाच दिवसांनी सकाळी त्या नॉर्वेजियन बाईनं आमच्या दारावर थाप मारली. तिचा नवरा उठत नव्हता. डॉक्टर टाय न बांधता धावले, ते मी पहिल्यांदा पाहिलं. पण करण्यासारखं काही नव्हतं. ॲम्ब्युलन्स आली, माणसं आली, त्याला घेऊन गेली. बाई आपल्या गाडीत परत जाऊन बसली.

डॉक्टर दिवसभर समुद्राकडे बघत होते. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "उत्तम गेला. आपल्या घरात, समुद्राकडे तोंड करून."

काकूंनी घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. रस्त्यात एखाद्या परक्या माणसानं अंगावर यावं तसं त्या बघत होत्या.

दोन दिवसांनी वादळाचा इशारा आला. किनाऱ्यालगतचं मैदान रिकामं करायचं होतं. पोलीस प्रत्येक गाडीशी जाऊन सांगत होता. त्या बाईच्या खिडकीशी आल्यावर त्यानं टोपी काढली. बाई पुढे बसली होती, पण चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर. पट्टा लावून, समोर बघत. शेजारची सीट रिकामी. तिला गाडी येत नव्हती. सगळी वर्षं ती नकाशा मांडीवर घेऊन बाजूला बसली होती. मुलगा नॉर्वेहून निघाला होता, पण त्याला यायला अवकाश होता.

माझ्या नवऱ्यानं जाऊन विचारलं, मी नेऊ का. तिनं किल्ली पुढे केली. गावाबाहेरच्या टेकडीवर गाड्यांसाठी कुंपण घातलेलं एक आवार होतं, तिथे त्यानं ती गाडी नेऊन लावली. काकू तिच्यासोबत मागे बसून गेल्या. तिचा हात त्यांनी वाटभर सोडला नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आमची गाडीही आम्ही त्याच आवारात नेली.

त्या दिवशी काकू कोथिंबीर निवडत होत्या आणि मी शेजारी होते. पुरुष दोघं गॅसचं जादा नळकांडं आणायला गेले होते.

"तिला गाडी येत नव्हती," काकू म्हणाल्या.

"हो ना."

"मलाही येत नाही. सगळं आयुष्य अशा ठिकाणी काढलं जिथे बाईला गाडी चालवायची परवानगीच नाही. आणि यांना घराला चाकं हवीत." त्यांनी कोथिंबीर खाली ठेवली. "यांच्या घरात मी राहीन गं. राहिलेच आहे. पण यांच्या मागे मला ते जागचं हलवता येणार नाही, आणि तिथे राहूही कोणी देणार नाही."

मी शेगडीवरचं दूध बघायला उठले.

आम्ही परतलो तेव्हा जेद्दात सौदीकरणाचा, परदेशी माणसांच्या जागा सौदींना देण्याचा, जोर होता. आधी मोबाईलची दुकानं गेली, मग गाड्यांची, कपड्यांची, मग हिशेबाच्या जागा. बायकामुलांच्या इकाम्यावर फी बसली आणि अझीझियातली बिऱ्हाडं भराभर उठू लागली. फुटपाथवर सोफे, पाळणे, कपाटं मातीमोल भावात विकायला ठेवलेली. इंडियन स्कूलमध्ये वर्ग एकत्र करावे लागले. डॉक्टर संध्याकाळी त्या फर्निचरमधून हिंडत आणि ओळखीचं कोणी दिसलं की थांबून म्हणत, "भिंतीएवढं कपाट घेतलं होतंत ना?" हे बरं नव्हतं. रत्नागिरीचा एक मसालेवाला, वीस वर्षांचं दुकान सोडून चालला होता, त्यानं एकदा त्यांची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं.

मग दातांच्या डॉक्टरांची पाळी आली.

शिक्क्यानं, म्हणजे मॅनेजरनं, त्यांना बोलावून सांगितलं की तक्रार काही नाही, पण आता या जागी सौदी माणूस दाखवावा लागणार. कफील, म्हणजे क्लिनिकचा सौदी मालक, दुसरीकडे जायला मोकळीक देत होता, पण साठीच्या परदेशी डॉक्टरला घेणार कोण? तीन महिन्यांनी फायनल एक्झिट. त्यांची खुर्ची त्या तरुण डॉक्टरणीला मिळणार होती. ती मुलगी टॅक्सीवाल्याची, घरात शिकलेली पहिलीच. इथे येण्याआधी डिग्री घेऊन दोन वर्षं नोकरीविना घरी बसलेली. डॉक्टरांना ती "उस्ताज" म्हणायची, म्हणजे गुरुजी. बातमी कळली तेव्हा ती माझ्या लॅबमध्ये येऊन म्हणाली, "मी नको म्हटलं तर दुसऱ्या कोणाला देतील. उस्ताजना राहू देणार नाहीत. मी विचारून आले." तिचे डोळे लाल होते.

डॉक्टर केबिनमधून बाहेर आले आणि खुर्चीवर वाट बघत असलेल्या पेशंटचं अर्धं राहिलेलं काम त्यांनी पूर्ण केलं. मला वाटलं, या माणसाला काही अवघड जाणार नाही. याच्याइतकी जायची तयारी अख्ख्या अझीझियात कोणाची नव्हती.

त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले तर दारातच थबकले. खिडकीवरचे कागद काढलेले होते आणि डॉक्टर स्टुलावर चढून पडदे लावत होते. जाड, मातकट रंगाचे, नवे कोरे पडदे. भिंतीत हातभर अंतरावर खिळे ठोकलेले. घड्याळ टांगलं होतं.

"लॅब, बघ, सरळ आहे का?" त्यांनी विचारलं.

काकूंनी एका दुपारी सगळी खोकी भरली होती. डॉक्टरांनी ती संध्याकाळी उघडली. टीव्ही परत जागेवर ठेवला, खोकं फाडून कचऱ्यात टाकलं. काकू भरत, ते काढत. असं कितीतरी दिवस चाललं. विमानाची तिकिटं काढायची म्हटलं की ते म्हणत, बघू. कफीलच्या घरी जाऊन आले, अर्ध्या पगारावर राहतो म्हणाले, मग बिनपगारी राहतो म्हणाले. कफीलनं त्यांना कॉफी पाजली, खजूर दिले आणि खांद्यावर हात ठेवून दारापर्यंत पोचवलं.

त्याच सुमारास बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली. त्या तरुण डॉक्टरणीनं पहिल्याच झटक्यात परवाना मिळवला होता. एका संध्याकाळी काकू क्लिनिकमध्ये आल्या आणि तिला आपल्या अरबीत म्हणाल्या, "मला शिकव."

परवाना मिळायला वेळ कुठे होता? पण ती मुलगी हो म्हणाली. शहराच्या उत्तरेला समुद्राजवळ एक भराव टाकलेली मोकळी जमीन होती, रस्ता अजून झालेला नव्हता. शुक्रवारी सकाळी तिथे ती काकूंना घेऊन जाई. मीही जायची. आम्ही तिघी अबाया सावरत त्या छोट्या गाडीत. काकू स्टिअरिंगला असं घट्ट धरत की बोटं पांढरी पडत. गाडी उडी मारून बंद पडली की मुलगी हसायची नाही. "मरा सानिया," एवढंच म्हणायची. पुन्हा एकदा.

डॉक्टर एकदा आमच्याबरोबर आले. भरावाच्या कडेला दगडावर बसून राहिले. काकूंनी पहिल्यांदाच गाडी न अडखळता मोठा वळसा घालून आणली आणि त्यांच्यासमोर थांबवली.

"कुठे जायचंय तुला गाडी शिकून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जिथे न्याल तिथून परत यायला," काकू म्हणाल्या.

डॉक्टर दगडावरून उठले. मग गाडीत मागच्या सीटवर येऊन बसले.

त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस झाला, देश सोडायला अजून मुदत होती, आणि ते क्लिनिकमध्ये येत राहिले. रोज सकाळी, टाय बांधून. पण आता ते पेशंटच्या बाकावर बसत. रिसेप्शनवरचा दार त्यांना टोकन देऊ करी, ते घेत नसत. ती मुलगी मध्येच बाहेर येऊन एखादा एक्स-रे त्यांना दाखवी. ते तो उजेडाकडे धरत, काहीतरी सांगत, ती मान हलवून आत जाई. मला आजही वाटतं, तिला त्यांच्या सल्ल्याची गरज त्यातल्या अर्ध्या वेळा नसावी. शिक्क्यानं दोनदा तिला समज दिली. तिनं ऐकलं नाही.

एका दुपारी ती पुढच्या पेशंटला हाक मारायला बाहेर आली तेव्हा डॉक्टर बाकावर बसूनच होते, मान छातीवर टेकलेली. शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं होतं की डुलकी लागली. तिनं "उस्ताज" म्हणून दोनदा हाक मारली. मग गुडघ्यावर बसून त्यांच्या मानेला हात लावला. मला बोलवायला ती लॅबमध्ये आली तेव्हा तिच्या हातमोज्यांवर कोणा दुसऱ्याच्या दातांचं रक्त होतं, आणि ते काढायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं.

काकूंना सांगायला मी आणि माझा नवरा गेलो. दार उघडून त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. त्या खाली बसल्या नाहीत. आत गेल्या, गॅस बंद केला आणि अबाया घालून बाहेर आल्या.

पुढचे दिवस कागदपत्रांचे होते. इस्पितळ, पोलीस, कफील, आपलं कॉन्सुलेट. तिथला माणूस भला होता. रोज अशी किती कामं करत असेल देव जाणे, पण आवाज खाली ठेवून बोलायचा. त्यानं काकूंना हिंदीत विचारलं, "माताजी, बॉडी किस पते पर भेजनी है?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"गांव का पता होगा?"

"गाव पाण्यात आहे," काकू मराठीत म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "यहीं रखिए."

माझा नवरा अस्वस्थ झाला. इथे हिंदूंना अग्नी देता येत नाही. गैरमुस्लिमांसाठी जुन्या शहराकडे भिंतीआड एक कब्रस्तान आहे, तिथे पुरावं लागतं. त्यानं काकूंना बाजूला घेतलं. "काकू, नीट विचार करा. आम्ही पाठवायची सगळी व्यवस्था करू. मिरजेला तुमची बहीण आहे."

"तिच्या दारात ते जिवंतपणी गेले नाहीत," काकू म्हणाल्या. "आता झोपवून नेऊ? आणि तिथून राख घेऊन कुठे जाऊ, धरणावर? या शहरात त्यांनी सगळी वर्षं काढली. शेवटी पडदेसुद्धा लावले. राहायचं होतं त्यांना. राहू देत."

बहिणीचा फोन आला, तिनं खूप आकांत केला, हे पाप आहे म्हणाली. काकूंनी फोन कानापासून थोडा दूर धरून सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून ठेवून दिला.

माझ्या नवऱ्यानं जेद्दात आमच्या गावच्या कितीतरी माणसांना खांदा दिला होता. माती कशी द्यायची, ओंजळ कशी भरायची हे त्याला ठाऊक होतं. पण त्या दिवशी त्या भिंतीआड तो नुसता उभा राहिला. कुठली दुआ म्हणायची, की म्हणायचीच नाही, ते त्याला कळेना. काकूंनी छोट्या बाटलीतून आणलेलं गंगेचं पाणी शिंपडलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "तुला जे येतं ते म्हण. त्यांना चालेल." त्यानं म्हटलं. आम्हा तिघांशिवाय ती मुलगी होती आणि क्लिनिकमधला दार होता. ऊन फार होतं. बाहेर येऊन ती मुलगी गाडीच्या चाकाशी उकिडवी बसली आणि तोंडावर अबायाची बाही घेऊन रडली. तिला शांत केलं ते काकूंनी.

नवऱ्याच्या इकाम्यावर राहणाऱ्या बाईचा इकामा नवऱ्याबरोबर संपतो. काकूंना आठवड्याभरात निघायचं होतं. डॉक्टरांचे कपडे त्यांनी मजुरांना वाटले. घर रिकामं करताना पडदे मात्र काढले नाहीत. येणाऱ्याला होतील, म्हणाल्या. विमानतळावर आम्ही त्यांना सोडलं. त्यांच्याजवळ एकच बॅग होती. आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दोन दिवसांनी मिरजेहून त्यांचा फोन आला. बहिणीकडे उतरल्या होत्या, जागा बघत होत्या, तळमजल्यावरचीच हवी म्हणाल्या. मी विचारलं, विमानतळावर काही त्रास झाला नाही ना.

"नाही गं. त्या शिक्का मारणाऱ्या पोरानं फक्त विचारलं, फेन जौजिक, नवरा कुठे आहे. कागदावर त्यांचं नाव होतं ना."

"मग?"

"मी म्हटलं, हिना. इथेच आहे. तर तो खुर्चीतून उठून माझ्या मागे रांगेत बघायला लागला. चांगला वेळ बघत होता बिचारा. सगळी माणसं निरखून पाहिली त्यानं."

"तुम्ही सांगितलं नाहीत त्याला?"

"काय सांगणार? थोड्या वेळानं बसला खाली, आणि मारला शिक्का."